भिंतीला लायसन्स लागतं का?

सोमवार, ४ मार्च

क्लबातला मित्र बॅरी म्हणाला, सगळं लिहून ठेव. तारीख, वार, कोण काय बोललं, तू काय उत्तर दिलंस. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर लिहिलेलं कामाला येतं. म्हणून ही वही आणली. मी, क्लिफर्ड शॉक्रॉस, वय त्र्याहत्तर, निवृत्त गॅस फिटर, राहणार ओल्डहॅम, पूर्ण शुद्धीत लिहितो की या महिनाअखेर आमच्या टीव्हीचं, दरवर्षी पैसे भरून काढावं लागणारं लायसन्स संपतंय आणि मी ते पुन्हा काढणार नाही.

बॅरीच्या मेव्हण्याने कित्येक वर्षांत एक पेनी भरलेली नाही. फक्त कळवायचं, की आम्ही टीव्हीवर चालू कार्यक्रम बघत नाही. संपलं. कोणी तपासायला आलं तर दार उघडायचं, 'नको' म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. आपल्या परवानगीशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. बॅरी हे क्लबात छातीठोकपणे सांगत होता आणि मला वाटलं, इतकी वर्षं आपण वेड्यासारखे भरत काय होतो?

आणि असतं काय टीव्हीवर? स्वयंपाकाच्या स्पर्धा. एकमेकांची घरं बघत फिरणारे लोक. बायकोला, मॉरीनला, निर्णय सांगितला तेव्हा ती बटाटे सोलत होती. सोलतच राहिली. मग म्हणाली, "एप्रिल येतोय, क्लिफ."

"दरवर्षी येतो," मी म्हटलं.

शुक्रवार, ८ मार्च

त्या एप्रिलचा खुलासा करून ठेवतो, कोर्टाचा गैरसमज नको. एप्रिलमध्ये शेफील्डला स्नूकरची मोठी स्पर्धा सुरू होते आणि ती सगळी टीव्हीवर दिसते. त्यात आमचा नील असतो. खेळाडू नाही, पंच. पांढरे हातमोजे घालून टेबलाभोवती फिरायचं, चेंडू पुसायचा, परत जागेवर ठेवायचा, गुण मोजायचे. याचे त्याला पैसे मिळतात.

पूर्वी तो माझ्याबरोबर गॅसचं काम करायचा. व्हॅनवर 'शॉक्रॉस आणि मुलगा' असं रंगवून घेतलं होतं. एक दिवस म्हणाला, मला हे करायचं नाही. मी म्हटलं, चेंडू पुसणं हा काय धंदा झाला? त्यावर तो काही बोलला, त्यावर मी काही बोललो. तेव्हापासून बोलणं बंद. सहा वर्षं होत आली. 'आणि मुलगा' एवढंच पुसायला गेलो तर रंग निघेना, शेवटी व्हॅनच विकून टाकली.

तर लायसन्सचा आणि नीलचा काडीचाही संबंध नाही. हे मुद्दाम नोंदवतो.

रविवार, १७ मार्च

सकाळपासून भुरभुर पाऊस. तरी मॉरीनने मला मळ्यावर पिटाळलं. पालिकेकडून भाड्याने घेतलेला आमचा भाजीचा तुकडा आहे, चर्चच्या मागे. दर रविवारी सकाळी मी तिथे गेलो नाही तर तिला चैन पडत नाही. "जा, कांद्यांकडे बघून ये." कांदे परवाच लावलेत, त्यांच्याकडे काय बघायचं? पण ताज्या भाजीचं तिला फार कौतुक.

खुरपं विसरलो म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो, तर ती फोनवर. मला बघून ठेवून दिला. "रॉन्ग नंबर," म्हणाली. रॉन्ग नंबरवाल्याला ती 'जेवतोस ना वेळेवर?' असं का विचारत होती, समजलं नाही. मॉरीन कोणाशीही जीव लावून बोलते.

मंगळवार, २ एप्रिल

लायसन्स संपलं. आज त्यांच्या ऑफिसात फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवून एका मुलीने घेतला. आवाजावरून गोड होती. मी म्हटलं, आम्ही चालू काही बघत नाही.

"दाखवत असताना बघितलं की ते चालू, सर. कुठलाही चॅनेल असो."

"आणि जुना फुटबॉल सामना आज दाखवला तर?"

"दाखवत असताना बघितला तर तोही चालूच."

"अगं, पण त्यातला गोलकीपर वारला."

"तरीही, सर."

मी म्हटलं, रेकॉर्ड करून नंतर बघितला तर? बॅरी म्हणतो चालतं. ती म्हणाली, रेकॉर्ड करायलाही लायसन्स लागतं. मग लागत नाही कशाला, असं विचारलं तेव्हा तिने एवढं सांगितलं की डोक्याचा भुगा झाला. शेवटी 'काही बघत नाही' असं लिहून घ्यायला लावलं.

क्लबात हे सांगितलं तर बॅरी म्हणे, मुलगी नवीन असेल. बारवरची सिल्व्हिया ग्लास पुसत म्हणाली, "म्हणजे घरात आहे पण उपयोग करायचा नाही. माझा पहिला नवरा तसाच होता."

घरी येऊन टीव्हीची वायर काढली आणि वर टेबलक्लॉथ घातला. मॉरीनने त्यावर फुलांची कुंडी ठेवली. मॉरीनच्या आईच्या शवपेटीवर अशीच फुलं होती.

शनिवार, १३ एप्रिल

लिहिण्यासारखं काही नाही. जेवण झालं की आम्ही दोघं समोरासमोर बसतो. पूर्वी शेजारी शेजारी बसायचो. समोरासमोर बसलं की काही तरी बोलावं लागतं, ही अडचण आधी लक्षात आली नव्हती. काल मॉरीन म्हणाली, "बोल की काही." मी तिला बॉयलरच्या व्हॉल्व्हबद्दल सांगितलं. ती लवकर झोपायला गेली.

रविवार, २१ एप्रिल

कालपासून मॉरीन शेजारी नसरीनकडे जायला लागली आहे. नसरीन हॉस्पिटलात नर्स आहे, नवरा नाही, दोन मुली आहेत आणि भिंत झाकेल एवढा टीव्ही आहे. लायसन्स नियमित भरते. मॉरीन म्हणाली, "तिच्याकडे पराठे शिकतेय." दुपारी गेली ती संध्याकाळी आली. हाताला पीठ नाही की कपड्याला वास नाही. मी म्हटलं, पराठे कुठायत? म्हणाली, "अजून मळण्यावरच आहोत."

मंगळवार, २३ एप्रिल

आमच्या रांगेतल्या घरांच्या भिंती म्हणजे नावाला. डाव्या बाजूची नसरीनबरोबर सामाईक. आज दुपारी चहा घेत बसलो होतो तर भिंतीतून टक् असा आवाज आला. मग पुन्हा टक्. मग टाळ्या. मला वाटलं पाइपात हवा अडकली असेल. व्यवसायाची सवय, म्हणून भिंतीला कान लावला.

"एक," भिंत म्हणाली. मग टक्. "आठ." टक्. "नऊ."

मी खुर्ची भिंतीजवळ ओढून घेतली. रोजची नाही, जेवणाच्या टेबलाची, पाठ ताठ असलेली. पाण्याचा ग्लास उपडा करून भिंतीला लावला की बरंच स्पष्ट येतं. "सोळा. सतरा." घसा बसलाय त्याचा. लहानपणी दर एप्रिलला त्याला सर्दी व्हायची आणि मॉरीन छातीला मलम चोळायची. कोणी लक्ष देत असेल की नाही कोण जाणे.

पंच्याहत्तरला थांबला. पुढे काय झालं कळलं नाही, मॉरीनच्या चपलांचा आवाज आला म्हणून ग्लास धुऊन ठेवला.

गुरुवार, २५ एप्रिल

बॅरीला कायद्याचा मुद्दा विचारला. "समज, एखाद्याला शेजारच्याचा टीव्ही भिंतीतून ऐकू आला. त्याला लायसन्स लागतं का?"

"कोणाला?"

"एखाद्याला."

"नुसतं ऐकू येतं की ऐकतो?"

"फरक काय?"

बॅरीने बराच विचार केला. म्हणाला, ऐकू येणं गुन्हा नाही, पण खुर्ची हलवली असेल तर हेतू दिसतो. मी खुर्चीबद्दल काही बोललो नव्हतो. त्याला खुर्ची कशी सुचली, देव जाणे.

सोमवार, २९ एप्रिल

आला. ज्याची भीती होती तो आला.

दुपारी दार वाजलं. उघडतो तर गळ्यात ओळखपत्र, हातात यंत्र, पन्नाशीचा माणूस. नाव पिकर्सगिल. तपासणीला आलोय म्हणाला. मी ठरल्याप्रमाणे 'नको' म्हटलं. तो म्हणाला, "बरं, सर," आणि वळला. पाऊस त्याच्या कॉलरमधून आत उतरत होता. मी आयुष्यभर पान्हे घेऊन परक्यांच्या घरात शिरलोय. ज्या घराने चहा विचारला नाही ते घर अजून माझ्या लक्षात आहे. तोंडातून निघून गेलं, "भिजलात की हो. या आत, चहा टाकतो."

बॅरीने ऐकलं तर क्लबातून काढून टाकेल.

पिकर्सगिल खुर्चीवर बसला. भिंतीजवळच्या. कडेला उपडा ग्लास होता, त्याकडे बघून म्हणाला, "हा कशाला?"

"पाणी प्यायला."

"उपडा?"

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला, "तेहतीस."

"टीव्ही चालू आहे का, सर?"

"छे. आमचा नील आहे तो."

"आतल्या खोलीत?"

"नाही, शेफील्डला."

त्याने कप खाली ठेवला. फार सभ्यपणे म्हणाला, "शेफील्डचा माणूस इथे ऐकू येतोय, म्हणजे ते चालू प्रक्षेपण झालं, सर."

मी कुंडी उचलली, टेबलक्लॉथ ओढला, काढलेली वायर त्याच्या हातात दिली. "हा बंद. तो आवाज भिंतीतला. कान लावा, बघा." त्याने लावला. मग म्हणाला, "चाळीस." आणि लगेच भिंतही बोलली, "चाळीस." काळा चेंडू, सात गुण. माणूस जाणकार निघाला. दुसऱ्या बाजूने मी कान लावला. "एक्केचाळीस," नील म्हणाला.

"घाई नाही आवाजात," पिकर्सगिल कुजबुजला. "कितीही ताण असो, हा पंच तसाच मोजतो. आम्ही घरी सगळे याच्यावर खूश आहोत. तुमचा मुलगा?"

"लहान असताना जिनासुद्धा मोजत चढायचा," मी म्हटलं. मग त्याला मुद्द्याचं विचारलं, "भिंतीला लायसन्स लागतं का?"

"नियमांत भिंत नाही, सर."

याच क्षणी मागच्या दाराने मॉरीन आली. नसरीनकडचं दूध संपलं होतं. तिने बघितलं, मी आणि एक परका माणूस, दोघं भिंतीला कान लावून. तिने फ्रिजमधून दूध घेतलं. जाताना म्हणाली, "बिस्किटं वरच्या डब्यात आहेत."

दुसरा कप झाल्यावर पिकर्सगिलने विचारलं, "तुम्ही बघत नाही, हे खरं ना?" मी म्हटलं, खरं. त्याने माझ्या शब्दावर तसं लिहिलं आणि हात मिळवून गेला. मी जिंकलो. मग संध्याकाळभर असं हरल्यासारखं का वाटत होतं?

बुधवार, १ मे

जेवताना मॉरीन म्हणाली, "नीलला फायनल दिली आहे. रविवार आणि सोमवार."

मी म्हटलं, "कोणाला तरी द्यावीच लागते."

"पहिल्यांदा मिळाली, क्लिफ. कित्येकांना जन्मात मिळत नाही. त्याने दोन तिकिटं पाठवलीत. दोन्ही दिवसांची."

"मग नसरीनला घेऊन जा."

"तिची ड्यूटी आहे. आणि नसती तरी..." एवढं बोलून ती थांबली. मी म्हटलं, वाटाण्याला काठ्या बांधायच्यात. सुट्टीचा सोमवार त्यासाठीच धरून ठेवलाय. "बरं," म्हणाली आणि ताटं उचलली. माझ्या ताटात अजून बटाटा शिल्लक होता, तोही गेला.

शनिवार, ४ मे

मॉरीन सकाळच्या गाडीने शेफील्डला गेली. तिकडे नीलकडेच राहणार आहे. बॅगेत निळा कार्डिगन, जो आमच्या लग्नाच्या वाढदिवसाशिवाय बाहेर निघत नाही. दारात माझी कॉलर नीट केली. मी कुठे जाणार होतो?

दुपारी चहा करायला गेलो तर डब्याला टेकून तिकीट. एकच. विसरली बिचारी, वय झालंय. क्लबात बॅरीला म्हटलं, फुकट जाईल, कोणाला हवं असेल का विचार. मग माझ्या बिअरचे पैसे त्याने दिले. बॅरी पैसे देतो म्हणजे त्याची तब्येत बरी नसावी.

रविवार, ५ मे

जेवण आटपून भिंतीजवळ बसलो. सामना सुरू व्हायची वेळ टळली, भिंतीतून काही येईना. ग्लास लावला. पाण्याच्या टाकीचा आवाज. मग डोक्यात प्रकाश पडला, नसरीन ड्यूटीवर, मुली मावशीकडे. शेजारी टीव्ही लावायला कोणी नाही. तरी जाऊन दार वाजवून आलो.

परत येऊन टीव्हीवरचं कापड काढलं. वायर हातात घेतली. बघितलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण पिकर्सगिलने माझा चहा पिऊन माझ्या शब्दावर लिहिलं होतं. त्याच्या यंत्राला मी फसवलं असतं. त्याला नाही फसवता येत.

सरळ बॅरीकडे गेलो. दारात बॅरी, पायात सपाता, मागे टीव्हीवर हिरवं टेबल. "ये ये, आत्ताच सुरू झालंय."

"तू लायसन्स भरतोस?"

"मग? बायको घरात राहू देईल का मला? ते सगळं मेव्हण्याचं सांगत होतो मी."

त्याला काय काय सुनावायचं होतं, पण वेळ जात होता. म्हटलं, माझं काढून दे, तुझ्या फोनवरून, आत्ता. तो म्हणाला, इथेच बस की, कशाला वर्षभराचे पैसे घालवतोस? पण बॅरीसमोर मला ते बघायचं नव्हतं. का, ते मलाही सांगता आलं नाही. त्याने हुज्जत न घालता माझं कार्ड घेतलं, नंबर टाकले, आणि म्हणाला, "झालं. पळ."

त्र्याहत्तराव्या वर्षी मी आमच्या गल्लीतून पळालो.

वायर लावली. आधी हिरवं टेबल दिसलं, मग हात. पांढरे हातमोजे. पंचाचे हातच जास्त दिसतात. एकदाच तो पूर्ण दिसला. कानाजवळ केस पांढरे झालेत. हे मला भिंतीतून कळलं नव्हतं. खेळाडूने चेंडू पुसून मागितला तेव्हा त्याने तो कापडात धरून अंगठ्याने फिरवला. पाइपाचा जोड पुसताना अंगठा तसा फिरवायचा, हे त्याला मी शिकवलं होतं. कापड दाबायचं नाही, जोड फिरवायचा. सहा वर्षांत तो ते विसरलेला नाही.

मग कॅमेरा प्रेक्षकांवर गेला. तिसऱ्या रांगेत मॉरीन, निळा कार्डिगन. सगळं सभागृह गच्च भरलेलं आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिचा कोट. लोक तिकिटासाठी जीव टाकतात आणि ही बाई कोटासाठी खुर्ची अडवून बसलीय. "उचल तो कोट," मी मोठ्याने टीव्हीला म्हटलं. "बसू दे कोणाला तरी."

ती उचलेना. मी उठून डब्याला टेकलेलं तिकीट घेतलं आणि त्यावरचा खुर्चीचा नंबर वाचला.

मंगळवार, ७ मे

काल काठ्या बांधल्या नाहीत.

सकाळी ट्रॅमने मँचेस्टर आणि तिथून डोंगरापलीकडची गाडी. गाडीत काय बोलायचं ते जुळवत होतो. एक वाक्य चांगलं जमलं होतं, ते शेफील्ड स्टेशनच्या जिन्यावर हरवलं. सभागृहाच्या दारावरच्या पोराने अडवलं. "खेळ चालू असताना आत सोडत नाही, काका. हा डाव संपू दे." मी म्हटलं, थांबतो. आत तो मोजत होता. या वेळी मध्ये भिंत नव्हती, नुसता पडदा होता.

मॉरीनने माझ्याकडे न बघता कोट उचलून मांडीवर घेतला. "उशीर केलास," म्हणाली. मी टॉयलेटला जाऊन आल्यासारखं. मी बसलो. तिने माझा हात घट्ट धरला, शेवटपर्यंत सोडला नाही. त्या सभागृहात कोणाला बोलायची परवानगी नसते. आमच्या घराण्याला याहून सोयीची जागा नाही. मी रडलो. कोर्टाला काय समजायचं ते समजू दे.

कोण जिंकलं ते नीट बघितलं नाही.

सगळं आटपल्यावर मॉरीन मला मागच्या बोळात घेऊन गेली. नील बाहेर आला. हातमोजे काढलेले होते. मला बघून थांबला. मॉरीन भिंतीवरची आग विझवण्याची सूचना वाचायला लागली, अगदी मन लावून.

मी तोंड उघडलं, पण ते वाक्य काही परत आलं नाही. तोही हातांचं काय करावं न कळल्यासारखा उभा. मग त्याने घसा साफ केला. "आई म्हणत होती, लायसन्स बंद केलंत."

"भरलं. काल."

"काल? वर्षाचं?"

"वर्षाचंच घ्यावं लागतं."

"एवढ्यासाठी?"

"वाया नाही जायचं," मी म्हटलं. "पुढच्या एप्रिलअखेरपर्यंत चालतं."

त्याची हनुवटी हलली, मॉरीनची हलते तशी. म्हणाला, "फायनल मेमध्ये असते, बाबा. नव्याने काढावं लागेल."

"काढीन," मी म्हटलं.